धातूची चौकट आणि पिकलेले केस

आम्हांला सातवीत गणित शिकवणारे सर २०१०च्या डिसेंबरात मुलीकडे अमेरिकेला गेले होते. वय ७६. दोन वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले. परतताना तिथल्या एका विमानतळावर ते तपासणीच्या चौकटीतून गेले आणि चौकट किंचाळली. खिशातली नाणी काढली, पट्टा काढला, चष्मा काढला. चौकट किंचाळतच राहिली. मग त्यांना बाजूला उभे करून त्यांची अंगझडती घेण्यात आली. बूट आधीच काढलेले होते. एका हाताने पँट सावरत, दुसऱ्या हाताने भिंत धरून सर दहा-बारा मिनिटे उभे होते. शस्त्रक्रियेचे कागद त्यांनी जपून बरोबर नेले होते, पण ते कोणी पाहिले नाहीत.

परत आल्यावर आम्ही भेटायला गेलो तेव्हा सर रागावलेले नव्हते. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. "अरे, तुम्ही शास्त्रज्ञ मंडळी आहात. मला सांगा, माझ्या वयाचा माणूस विमान पळवील याची संभाव्यता किती? आणि ती इतकी कमी असेल, तर माझी झडती घेण्यात त्यांनी घालवलेला वेळ वाया गेला की नाही?"

प्रश्न गणिताच्या शिक्षकाला शोभेल असाच होता. त्याचे उत्तर मात्र आम्हांला लगेच देता आले नाही. ते देण्यासाठी विमानतळावरच्या तपासणीचा इतिहास पाहावा लागतो. त्यात भौतिकशास्त्र आहे, वैद्यक आहे, संख्याशास्त्र आहे आणि थोडे राजकारणही आहे.

जेव्हा कोणाचीच तपासणी होत नव्हती

आजच्या विद्यार्थ्यांना हे खरे वाटणार नाही, पण विमानप्रवासाच्या पहिल्या काही दशकांत प्रवाशांची झडती जवळजवळ घेतलीच जात नसे. एस.टी.त चढावे तसे लोक विमानात चढत. निरोप द्यायला आलेले नातेवाईक थेट दारापर्यंत जात.

१ मे १९६१ रोजी एका माणसाने अमेरिकेतील एक प्रवासी विमान शस्त्राचा धाक दाखवून क्यूबाला नेले. अमेरिकन विमानाच्या अपहरणाची ती सुरुवात होती. पुढे ही साथच पसरली. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत १३०हून अधिक अमेरिकन विमानांच्या अपहरणाचे प्रकार घडले. ३० जानेवारी १९७१ रोजी आपल्याकडेही 'गंगा' नावाचे इंडियन एअरलाइन्सचे विमान श्रीनगरहून जम्मूला जात असताना पळवून लाहोरला नेण्यात आले.

सर्व प्रवाशांची झडती घ्यावी, ही सूचना त्या काळी विमान कंपन्यांना मान्य नव्हती. प्रवासी चिडतील, रेल्वेने जातील, अशी त्यांना भीती होती. म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वेगळा मार्ग शोधला. जॉन डेली हे मानसशास्त्रज्ञ ज्यात होते अशा एका गटाने आधीच्या अपहरणकर्त्यांचा अभ्यास केला आणि सामान्य प्रवाशांपेक्षा त्यांचे वागणे कोठे वेगळे होते याची एक यादी तयार केली. यादीत बसणारा प्रवासी आढळला तरच त्याला चुंबकमापी यंत्रासमोरून जायला सांगायचे. ऑक्टोबर १९६९मध्ये ईस्टर्न एअरलाइन्सने ही पद्धत प्रथम वापरली. शंभरांत एकापेक्षाही कमी प्रवासी त्या यादीत बसत. बाकीच्यांना आपली पाहणी झाली हे कळतही नसे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. तपासणीचा जन्मच 'सर्वांना सारखे तपासू नये' या कल्पनेतून झाला. आज 'धोक्यानुसार तपासणी' म्हणून जी कल्पना नवी समजली जाते, ती खरे तर सर्वांत जुनी आहे.

ती मोडली कशी? यादी वापरणे हे कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मर्जीवर होते. घाईगर्दीत ती विसरली जाई. १० नोव्हेंबर १९७२ रोजी तिघांनी सदर्न एअरवेजचे एक विमान ताब्यात घेतले आणि पैसे न दिल्यास ते टेनेसी राज्यातील ओक रिज येथील अणुभट्टीवर आदळू, अशी धमकी दिली. विमान शेवटी हवानाला उतरले, पण एक भयंकर शक्यता सर्वांसमोर आली होती. पुढच्याच महिन्यात आदेश निघाला आणि ५ जानेवारी १९७३पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २२ मार्च १९७४ रोजी सुरक्षेविषयीचे सतरावे परिशिष्ट स्वीकारले आणि तपासणी जगभर पसरली.

अपहरणे एकदम घटली. १९७२मध्ये अमेरिकेत दोन डझनांहून अधिक प्रकार घडले होते. १९७३मध्ये ते बोटांवर मोजण्याइतके उरले. याचे सगळे श्रेय चौकटीला द्यावे काय? तसे करण्यापूर्वी थांबावे. फेब्रुवारी १९७३मध्ये अमेरिका आणि क्यूबा यांच्यात अपहरणकर्त्यांना शिक्षा करण्याबाबत समझोता झाला होता. पळून जायला ठिकाणच राहिले नाही. दोन कारणे एकाच वेळी बदलली, तर परिणाम कोणाचा हे ठरवणे अवघड असते, ही गोष्ट वर्गात सांगायला हे उदाहरण चांगले आहे.

राष्ट्राध्यक्षांच्या शरीरातील गोळी

आता त्या चौकटीकडे वळू. तिचा पूर्वज विमानापेक्षा जुना आहे.

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात रुतून बसली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. गोळी कोठे आहे हे कळायला मार्ग नव्हता. तेव्हा दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल मदतीला धावले. डेव्हिड ह्यूज यांच्या 'प्रवर्तन तुले'च्या धर्तीवर त्यांनी एक उपकरण बनवले. तारेची दोन वेटोळी अशी मांडायची की त्यांचे परिणाम एकमेकांना छेदतील आणि कानाला लावलेला दूरध्वनी शांत राहील. जवळ धातू आला की तोल बिघडेल आणि आवाज येईल.

उपकरण प्रयोगशाळेत उत्तम चालले. राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत मात्र नीट उत्तर मिळेना. नंतर कळले की ते ज्या गादीवर झोपले होते तिच्यात पोलादी तारा होत्या. शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे अशी डॉक्टरांची खात्री असल्याने शोध तिकडेच घेतला गेला. शवविच्छेदनात ती डाव्या बाजूला सापडली. १९ सप्टेंबरला गारफील्ड यांचा मृत्यू झाला.

या एका प्रसंगात धातुशोधकाच्या पुढच्या दीडशे वर्षांच्या सगळ्या अडचणी सामावल्या आहेत. यंत्र 'धातू आहे' एवढेच सांगते. तो गोळीचा की गादीचा, हे त्याला कळत नाही. आणि माणूस जिथे शोधायचे ठरवतो तिथेच ते शोधते.

तत्त्व दहावीच्या पुस्तकातलेच आहे. चौकटीच्या एका बाजूच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात सुवाहक आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात. त्यांना भोवरी प्रवाह म्हणतात. हे प्रवाह स्वतःचे छोटे चुंबकीय क्षेत्र उभे करतात आणि दुसऱ्या बाजूचे वेटोळे ते टिपते. वर्गात हे दाखवायचे असेल तर जाड तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची नळी उभी धरून तिच्यातून एक जोरदार चुंबक सोडावा. नळीला चुंबक चिकटत नाही, तरी तो रेंगाळत खाली येतो. त्याला अडवणारे हेच भोवरी प्रवाह.

१९३७मध्ये गेरहार्ड फिशर यांना धातुशोधकाचे एकस्व मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे योझेफ कोसात्स्की यांनी बनवलेले सुरुंगशोधक यंत्र १९४२च्या अल अलामीनच्या लढाईत वापरले गेले. गारफील्डांच्या खोलीतून रणांगणावर आणि तेथून विमानतळावर असा हा प्रवास आहे.

चौकट किती संवेदनशील ठेवायची, हे माणूस ठरवतो. उंबरठा खाली आणला तर पट्ट्याच्या बकलालाही घंटा वाजते. वर नेला तर लहान सुरी सुटून जाते. खोटा इशारा आणि हुकलेला धोका या दोन चुकांपैकी एक कमी केली की दुसरी वाढते. या तराजूतून कोणत्याही यंत्राची सुटका नाही.

दोन शोध एका दारात भेटतात

चौकटी जगभर उभ्या राहत होत्या, त्याच सुमारास वैद्यकात दुसरी क्रांती चालू होती. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये ओके सेनिंग या शल्यविशारदांनी रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवलेला हृदयस्पंदक प्रथमच एका रुग्णाच्या शरीरात पूर्णपणे बसवला. नोव्हेंबर १९६२मध्ये इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी धातूचा गोल आणि टिकाऊ प्लॅस्टिकची वाटी असा खुब्याचा कृत्रिम सांधा बसवला आणि ती शस्त्रक्रिया हळूहळू नित्याची झाली. पुढे गुडघ्यांचीही झाली.

म्हणजे पाहा: एका शास्त्राने माणसाच्या शरीरात धातू घातला आणि दुसऱ्याने शरीराजवळचा धातू संशयास्पद ठरवला. दोन्ही शोध माणसाचे आयुष्य वाचवण्यासाठीच होते. ते एकमेकांना भेटले विमानतळाच्या दारात, आणि भेटीची किंमत मोजली वृद्धांनी. खुब्याच्या सांध्यातील कोबाल्ट-क्रोमियम किंवा टायटॅनियम हे सुवाहक आहेत, आकाराने किल्लीपेक्षा कितीतरी मोठे आहेत. चौकटीने ओरडू नये तर काय करावे? डॉक्टरांचे पत्र दाखवले तरी उपयोग होत नाही, कारण पत्र कोणीही छापू शकतो. पत्राने बोलणे सोपे होते, तपासणी टळत नाही. आमच्या सरांच्या कागदांचे तेच झाले होते.

प्रत्येक घटनेचा एक थर

धातूची भीती कमी झाली तोवर धोक्याने रूप बदलले होते. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर स्फोट होऊन कोसळले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. कॅनडाहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईकडे येणाऱ्या त्या विमानात बॉम्ब असलेली बॅग चढली. तिचा मालक चढला नाही. टोरोंटोच्या विमानतळावर सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले होते आणि त्याऐवजी वापरलेले हातातील स्फोटकशोधक यंत्र कुचकामी होते, असे चौकशीत स्पष्ट झाले. 'बॅग आहे पण प्रवासी नाही' असे विमान उडता कामा नये, हा आज साधा वाटणारा नियम अशा अनुभवांतून पक्का झाला.

बॅगेतील स्फोटक ओळखणे हे क्ष-किरणांना सुरी ओळखण्यापेक्षा फार अवघड जाते. आधुनिक यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण वापरते. जड अणू कमी ऊर्जेचे किरण फार जोराने शोषतात, हलके अणू तितके नाही. या फरकावरून पदार्थ कोणत्या जातीचा हे यंत्र ठरवते. धातू पडद्यावर निळा दिसतो, कार्बन-हायड्रोजन-ऑक्सिजनचे सेंद्रिय पदार्थ नारिंगी. स्फोटके सेंद्रिय असतात. पण साबणही सेंद्रिय, आणि नातवंडांसाठी डब्यात भरलेले बेसनाचे लाडूही सेंद्रिय! म्हणून आजीच्या बॅगेतला डबा उघडायला सांगतात, तेव्हा त्यात खाष्टपणा असतोच असे नाही.

११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला कायदा होऊन वाहतूक सुरक्षा प्रशासन स्थापन झाले आणि खाजगी कंत्राटदारांकडची तपासणी सरकारकडे आली. आपल्याकडे आधीच, २४ डिसेंबर १९९९च्या आय.सी. ८१४ या विमानाच्या अपहरणानंतर, फेब्रुवारी २०००मध्ये जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवायला सुरुवात झाली होती.

यापुढचा इतिहास नदीच्या गाळासारखा आहे. प्रत्येक घटना एक थर ठेवून गेली. २२ डिसेंबर २००१ रोजी एकाने बुटातील स्फोटक पेटवण्याचा प्रयत्न केला. बूट तपासले जाऊ लागले आणि २००६पासून अमेरिकेत सर्वांना ते काढणे सक्तीचे झाले. १० ऑगस्ट २००६ रोजी इंग्लंडमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला. १०० मिलिलिटरची मर्यादा आली. २५ डिसेंबर २००९ रोजी एकाने अंतर्वस्त्रांत स्फोटक लपवले. शरीराचे चित्र घेणारी यंत्रे झपाट्याने पसरली. थर साचत गेले, पण एकही थर उपसला गेला नाही.

या नव्या यंत्रांतील मिलिमीटर-तरंगांची लांबी सुमारे एक सेंटिमीटर असते. ते कपड्यांतून आरपार जातात आणि ओलसर त्वचेवरून परततात. शरीराच्या आतला धातूचा सांधा त्यांना दिसतच नाही, त्यामुळे गुडघे बदललेल्यांना हे यंत्र सोयीचे. पण त्यासाठी हात डोक्यावर धरून दीड-दोन सेकंद निश्चल उभे राहावे लागते. खांदा आखडलेल्या किंवा हात थरथरणाऱ्या माणसाला तेही जड जाते. घाम आणि कपड्यांच्या चुण्या यांनीही यंत्र फसते; याच कारणाने जर्मनीने हॅम्बुर्ग येथील चाचणीनंतर २०११मध्ये ही यंत्रे बसवण्याचे लांबणीवर टाकले होते. हातावरून कापडाची पट्टी फिरवून स्फोटकांचे अंश शोधणारी यंत्रेही आली. त्यांना ग्लिसरीन असलेल्या मलमांमुळे चकवा बसू शकतो. गंमत अशी की हृदयरोग्याने जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी आणि डायनामाइट यांत तोच एक रेणू असतो.

२०११ : तक्रारींचे वर्ष

जून २०११मध्ये फ्लॉरिडातील एका विमानतळावर ९५ वर्षांच्या, कर्करोगाने आजारी आणि चाकांच्या खुर्चीत बसलेल्या एका स्त्रीची झडती घेताना तिला आतील लंगोट काढावा लागला, अशी तक्रार तिच्या मुलीने केली. आमचे कर्मचारी नियमानुसारच वागले, असे प्रशासनाचे उत्तर आले. आम्हांला वाटते, त्या उत्तरातच खरा दोष उघड झाला. नियम पाळूनही असे घडत असेल, तर चूक नियमात असते.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या विमानतळावर आपले माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम विमानात जाऊन बसल्यावर त्यांचा कोट आणि बूट तपासणीसाठी मागून नेण्यात आले. वयाची ८० वर्षे पूर्ण व्हायला त्यांना दोन आठवडे बाकी होते. एप्रिल २००९मध्ये दिल्लीतही एका अमेरिकन विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी त्यांची तपासणी केली होती. दोन्ही वेळा देशात संताप उसळला. २०११मध्ये अमेरिकेने दिलगिरी व्यक्त केली. पण आपण ओरडलो ते कशासाठी? माजी राष्ट्रपतींचा अपमान झाला म्हणून. ऐंशी वर्षांच्या माणसाला बूट काढायला लावले म्हणून नव्हे. आपल्याकडे तपासणीतून सूट मिळणाऱ्यांची सरकारी यादी आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, सरन्यायाधीश अशा पदांची ती यादी आहे. त्या यादीचा पाया पद हा आहे, वय किंवा प्रकृती हा नाही.

अमेरिकेत मात्र विचार वेगळ्या दिशेने सुरू झाला होता. २०११च्या शरदात १२ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी सौम्य करण्यात आली. ऑक्टोबर २०११मध्ये चार विमानतळांवर 'प्रीचेक' योजनेची चाचणी सुरू झाली. आधी स्वतःची माहिती दिलेल्या प्रवाशांना वेगळी, जलद रांग. डिसेंबर २०१३पासून कोणाही पात्र नागरिकाला शुल्क भरून तिच्यासाठी अर्ज करता येऊ लागला. डिसेंबर २०११मध्ये आजारी व अपंग प्रवाशांसाठी दूरध्वनीची सोय झाली. प्रवासाच्या ७२ तास आधी कळवले की काय होणार आहे ते सांगतात, मदतीला माणूस देतात.

आणि मार्च २०१२मध्ये शिकागो, डेन्व्हर, ऑरलँडो व पोर्टलंड या चार ठिकाणी ७५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या प्रवाशांसाठी नवी पद्धत सुरू झाली. ती यशस्वी ठरल्यावर देशभर लागू झाली. तिचे कलम साधे आहे. बूट आणि हलका कोट काढायचा नाही. यंत्राने शंका दाखवली तर लगेच झडती न घेता पुन्हा एकदा यंत्रातून जाऊ द्यायचे. शक्य तेथे अंगाला हात लावण्याऐवजी हातावरून पट्टी फिरवून स्फोटकांचा अंश पाहायचा. उभे राहता येत नसेल त्याची तपासणी बसूनच करायची. यासाठी अर्ज नाही, शुल्क नाही. आणि तरीही शंका उरलीच, तर बूट काढायला सांगण्याचा व झडतीचा अधिकार राखून ठेवलेला आहे. म्हणजे तपासणी माफ झालेली नाही. तिची रीत बदलली आहे.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर

मग पूर्ण माफीच का नको? १७ एप्रिल १९८६ची घटना पाहा. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर इस्रायलला निघालेल्या एका गरोदर तरुणीच्या बॅगेच्या खोट्या तळात स्फोटके सापडली. तिला त्याची कल्पनाही नव्हती. ज्याच्याशी लग्न ठरले होते त्यानेच ती ठेवली होती. निरुपद्रवी माणूस निवडला गेला तो निरुपद्रवी होता म्हणूनच. उद्या 'आजी-आजोबांना तपासत नाहीत' असे जाहीर झाले, तर कोणीतरी आजीच्याच बॅगेचा उपयोग करील. सूट शून्यापर्यंत गेली की ती सूट धोका बनते.

हेच गणिताने दाखवता येते. २००२मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील चक्रबर्ती आणि स्ट्राउस या दोन विद्यार्थ्यांनी एक सुरेख युक्तिवाद मांडला. संगणक ठरावीक वर्णनावरून संशयित निवडत असेल, तर टोळीने आपली माणसे आधी काहीही न घेता दोन-चारदा प्रवासाला पाठवावी. ज्याला कधीच बाजूला घेतले जात नाही, त्याला खऱ्या कामगिरीवर पाठवावे. म्हणजे कठोर निवड हीच शत्रूला माहिती पुरवते. थोडी यादृच्छिक निवड मिसळली की हा डाव बिघडतो.

दुसऱ्या टोकाला, सर्वांवर सारखा संशय घेण्याचे गणित पाहू. समजा, दहा कोटी प्रवाशांत दहा जण खरोखर धोकादायक आहेत आणि आपली पद्धत ९९ टक्के अचूक आहे. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. दहांपैकी बहुधा दहाही सापडतील. पण निरपराधांपैकी एक टक्का, म्हणजे दहा लाख माणसे, उगाच अडकतील. बाजूला घेतलेला माणूस धोकादायक असण्याची शक्यता लाखात एक! दुर्मीळ गोष्ट शोधताना अचूक यंत्रही बहुतेक वेळा चुकीच्याच माणसाला थांबवते. थांबवलेल्या माणसाशी कसे वागावे, हे या एका आकड्यावरून ठरायला हवे.

मग योग्य प्रमाण कोणते? २००९मध्ये विल्यम प्रेस यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात याचे उत्तर प्रसिद्ध केले. वारंवार होणाऱ्या जादा तपासणीसाठी माणसे निवडताना संशयाच्या प्रमाणात निवडणे हिताचे नाही. संशयाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात निवडावे. एका गटाची संभाव्यता दुसऱ्याच्या शंभरपट असेल, तर त्यांना शंभरपट नव्हे, दहापट वेळा थांबवावे. नाहीतर तीच ती निरपराध माणसे पुन्हा पुन्हा तपासण्यात शक्ती जाते, आणि जो कमी संशयाच्या गटात लपला आहे तो निसटतो. ७५ वर्षांवरच्यांसाठीची पद्धत प्रेस यांच्या सूत्रावरून आखली असा आमचा दावा नाही. पण ती त्याच वळणाची आहे: शून्य नाही, आणि पूर्णही नाही.

२०१३मध्ये सर पुन्हा अमेरिकेला जाऊन आले. या वेळी बूट काढावे लागले नाहीत. चौकट टाळून त्यांना दुसऱ्या यंत्रातून नेले आणि हातावरून पट्टी फिरवून सोडले. आम्ही त्यांना वर्गमूळाचा नियम सांगितला. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर तो स्वतः पडताळून पाहिला, आणि म्हणाले, "पटले. मला शून्य नकोच होते रे. हिशेबात शून्य धरलेला माणूस म्हणजे हिशेबाबाहेरचा माणूस. मला फक्त बसायला एक खुर्ची हवी होती."

८ जुलै २०२५ रोजी अमेरिकेने बूट काढण्याची सर्वसाधारण सक्ती रद्द केली. साचलेल्या थरांपैकी एक अखेर उपसला गेला. लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी आधी दिलेली सवलत चौदा वर्षांनी सर्वांची झाली. इमारतीला उतार बांधला जातो चाकांच्या खुर्चीसाठी, पण सामानाची ढकलगाडी घेऊन जाणारा तरुणही त्याच उताराने जातो. तसेच हे झाले.

आपल्या वर्गात संभाव्यता शिकवताना फासे आणि नाणी यांच्या जोडीला कधी हेही उदाहरण घ्यावे. विद्यार्थ्यांना चौकटीचा उंबरठा ठरवायला सांगावा, खोट्या इशाऱ्यांची संख्या काढायला सांगावी. आणि मग विचारावे, की त्या दहा लाखांत तुमची आजी असेल, तर तिला थांबवणाऱ्याने तिच्याशी काय बोलावे? या शेवटच्या प्रश्नाला सूत्र नाही, पण तो सोडून दिला तर आधीचे गणित अपुरे राहते.